विश्लेषण : जो सापडला नाही, तो स्वातंत्र्यसैनिक नाही?

मराठवाडा मुक्तीपूर्वीचे परतूर म्हणजे निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्याचा एक तालुका. (जालना जिल्हा १९८१ चा.) मंठ्यापलीकडे लोणार, म्हणजे वऱ्हाड, १५ ऑगस्ट १९४७ नंतर तो स्वतंत्र भारत. अलीकडे मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचीच कचेरी आणि निजामाचाच पोलीस अमीन.

या तेरा महिन्यांत स्टेट काँग्रेसने सक्तीच्या लेव्हीला विरोध केला. करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले, गावोगावची दफ्तरे जाळली गेली. अनेक पटेल-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले, वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला. त्यांची नोंद झाली. पण ज्याने खुर्ची सोडली नाही आणि खुर्चीचाच उपयोग केला, त्याचे काय? वॉरंट कोणाच्या नावाने निघाले, अमीन उद्या कोणत्या गावी जाणार, हे कचेरीतल्या माणसालाच आधी कळणार. त्याने निरोप धाडला असेल, तर त्याचा कागद असणार नाही. कागद झाला असता, तर तो तुरुंगात गेला असता.

पेन्शनचे नियम काय म्हणतात?

केंद्राची योजना १९७२ ची, १९८० मध्ये विस्तारलेली. तीत सहा महिन्यांचा तुरुंगवास चालतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिने. भूमिगत राहिलेल्याला फरार घोषित केलेले असावे, त्याच्यावर इनाम असावे किंवा त्याच्या स्थानबद्धतेचा हुकूम निघालेला असावा. चळवळीपायी सरकारी नोकरी गेली असेल तर तीही धरली जाते. थोडक्यात, शत्रूने दखल घेतली पाहिजे. ज्याची नोकरी शाबूत राहिली, तो या चौकटीत बसत नाही. त्याचे कसब मात्र नोकरी शाबूत राखण्यातच होते.

हा पेच मराठवाड्यापुरता नाही. जर्मनव्याप्त चेक प्रदेशाचे पंतप्रधान जनरल अलोइस एलियाश पदावर राहून लंडनमधील निर्वासित सरकारशी गुप्त संपर्क ठेवत. सप्टेंबर १९४१ मध्ये हायड्रिख प्रागला आला आणि त्यांना अटक झाली. गेस्टापोची चौकशी, चार दिवसांत फाशीची शिक्षा, जून १९४२ मध्ये गोळ्या घालून अंमलबजावणी. एरवी ‘जर्मनांचा पंतप्रधान’ एवढीच ओळख उरली असती. त्यांच्या बाजूची मोठी साक्ष जर्मनांच्या चौकशीनेच तयार केली. परतूरच्या एखाद्या कारकुनाची अशी चौकशी झालीच नसेल, तर त्याच्या बाजूने बोलणार कोण?

मग नियम सैल करावेत का?

नाही. बीड जिल्ह्याचा अनुभव ताजा नसला तरी विसरण्यासारखा नाही. तिथे सहकाऱ्यांच्या शपथपत्रांवर पेन्शनी मिळाल्या, तक्रारी झाल्या, न्या. ए. बी. पालकर आयोगाने तीनशेहून अधिक प्रकरणे तपासली आणि बनावट लाभार्थी उघडे पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच न्यायालयाने गुरदयाल सिंग प्रकरणात (२००१) फौजदारी खटल्यासारखा कडक पुरावा मागू नका, असेही सांगितले होते. दोन्ही बरोबर आहे. मात्र तोंडी साक्ष जितकी स्वस्त होते, तितका खरा गप्प राहिलेला माणूस संशयात सापडतो. बीडच्या बनावटगिरीची किंमत सरकारी तिजोरीइतकीच अशा माणसांच्या घरच्यांनीही मोजली.

पैशाचा प्रश्न आता जवळपास संपला आहे. त्या पिढीतले फार थोडे उरले. इतिहासाचा प्रश्न शिल्लक आहे आणि त्याला पेन्शनचा निकष लावण्याचे कारण नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातील तहसिलींमधली उर्दू आणि मोडी दफ्तरे भराभर उघडली. वाचणारे मिळाले, मनुष्यबळ मिळाले, हैदराबादपर्यंत शोध गेला. जातीच्या रकान्यासाठी हे होऊ शकते, तर फसली १३५७ च्या पोलीस आणि महसूल पत्रव्यवहारासाठीही होऊ शकते. कोणत्या गावचा छापा वाया गेला, कोणाची अचानक बदली झाली, कोणाकडे खुलासा मागितला गेला, हे त्या कागदांत शोधता येईल. परतूरच्या कचेरीपासून सुरुवात करायला नव्या समितीचीही गरज नाही.