बिल एका वाणाचं, फळ दुसऱ्याच वाणाचं : मिरचीची जात पानातल्या डीएनएवरून कळते, पण तुलना कशाशी करणार?

भिवापूर, उमरेड, कुही पट्ट्यात मिरचीचं रोप जुलै-ऑगस्टमध्ये लागतं. लाल मिरची हाती यायला दिवाळी उजाडते. तोपर्यंत खत, फवारण्या, निंदण, मजुरी सगळा खर्च होऊन गेलेला असतो. अशा वेळी लक्षात येतं की पाकिटावर लांब, गडद मिरचीचा फोटो होता आणि शेतात दर चार-पाच झाडांमागे एकाला आखूड, फिकट मिरची लागली आहे. दुकानदार हवामानावर ढकलतो, कंपनीचा माणूस व्यवस्थापनावर, कास्तकार बियाण्यावर बोट ठेवतो. तालुका समिती येते, पंचनामा होतो, आणि पंचनाम्यात शेवटी डोळ्यांना जे दिसलं तेच लिहिलं जातं.

डोळ्यांना दिसणारं मिरचीत फसवं असतं. एकच वाण हलक्या जमिनीत आखूड होतो, भारी जमिनीत लांब. पाण्याचा ताण बसला की तिखटपणा वाढतो. चुरडा-मुरडा आला तर झाड कुठल्या जातीचं हे जुना जाणकारही सांगू शकत नाही. डीएनए मात्र पाण्याने, खताने, रोगाने बदलत नाही. रोप दोन पानांचं असलं तरी तो तोच असतो आणि झाड वाळायला आलं तरी तोच.

मिरचीचा हा आतला मजकूर भला मोठा आहे. तिच्यात गुणसूत्रांच्या 12 जोड्या असून त्यावर सुमारे 300 कोटींहून जास्त अक्षरं आहेत. म्हणजे माणसापेक्षा कमी तर नाहीच, आणि तिच्याच कुळातल्या टमाट्याच्या तिपटीहून जास्त. 2014 मध्ये शास्त्रज्ञांनी हा मजकूर वाचून प्रसिद्ध केला. दोन वाण ओळखायला तो सगळा वाचायची गरज पडत नाही. मजकुरात काही ठिकाणी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. एका वाणात ती 8 वेळा येतील, दुसऱ्यात 12 वेळा. अशा ठरावीक जागांना मार्कर म्हणतात. पानाचा तुकडा कुटून डीएनए काढतात, यंत्रात त्या जागेच्या असंख्य प्रती करतात आणि जेलीसारख्या पातळ थरातून वीज सोडून त्या पळवतात. आखूड तुकडा पुढे जातो, लांब मागे राहतो. त्याच्या पट्ट्या दिसतात. एका मार्करवर दोन वाण सारखे निघू शकतात, म्हणून बरेच मार्कर एकत्र पाहावे लागतात.

हायब्रीड मिरचीसाठी ही तपासणी खास कामाची आहे. हायब्रीड बियाणं म्हणजे एका ठरलेल्या आईचा आणि एका ठरलेल्या बापाचा संकर. जिथे आई-बाप वेगळे आहेत अशा मार्करवर खऱ्या हायब्रीडच्या रोपात दोन पट्ट्या दिसतात, एक आईची आणि एक बापाची. बियाणं तयार करताना आईच्या फुलावर तिचेच पराग पडले, तर त्या बियांच्या रोपात फक्त आईची पट्टी येते. कंपन्या ही शुद्धता रोपं शेतात वाढवून तपासतात. त्याला ग्रो आऊट टेस्ट म्हणतात आणि त्यात हंगाम जातो. मार्करने तेच काम काही दिवसांत होतं.

कास्तकाराच्या कामाची गोष्ट यापुढे आहे. एकाच पाकिटातल्या हायब्रीडची सगळी रोपं आतून सारखीच असली पाहिजेत. एकाच शेतातली 30-40 झाडं तपासली आणि त्यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या निघाल्या, तर भेसळ सिद्ध करायला कंपनीच्या नमुन्याचीही गरज नाही. म्हणून तक्रार असलेलं मिरचीचं शेत रागाच्या भरात मोडून टाकणं हे आपल्याच हाताने पुरावा मोडणं आहे. पंचनामा होऊन पानांचे नमुने सीलबंद होईपर्यंत झाडं उभी ठेवावीत. पाकीट, बिल आणि लॉट नंबर तर लागतोच. 10 ग्रॅमच्या पाकिटात हजारावर बिया असतात, त्यातल्या पन्नासेक त्याच पाकिटात ठेवून दिल्या तर काही अडत नाही. बियाणं उरलं नाही म्हणून दावा संपतो असंही नाही. कास्तकार पेरण्यासाठी बियाणं घेतो, तपासणीसाठी मागे ठेवायला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेलं आहे. 2012 च्या राष्ट्रीय बीज निगमच्या निकालात तर शेतकरी ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो हेही स्पष्ट झालं.

पण प्रश्न भेसळीचा नसून ‘हा तो वाणच नाही’ असा असेल, तर तुलनेला अस्सल नमुना लागतो. गाडं इथे अडतं. वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा 2001 चा आहे. त्याखाली नोंदवलेल्या वाणाचं बियाणं, आणि हायब्रीड असेल तर आई-बापाचंही, प्राधिकरणाकडे जमा करावं लागतं. मात्र ही नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणी नसलेलं हायब्रीडही दुकानात सत्यप्रत लेबलवर विकता येतं आणि त्याचे आई-बाप फक्त कंपनीच्या कपाटात असतात. ज्याच्यावर आरोप, त्याच्याकडेच मूळ नमुना मागायचा, अशी ही तऱ्हा आहे.

केंद्राने 2023 मध्ये ‘साथी’ पोर्टल आणलं. क्यूआर कोडवरून पाकीट कुठून कुठे आलं हे कळावं, हा त्याचा हेतू. चांगली सोय आहे, पण कोड पाकिटाचा प्रवास सांगतो. आत कुठलं बी भरलं हे त्याला ठाऊक नसतं. लेबलवरचा उगवणीचा आकडाही जातीबद्दल काही बोलत नाही. मिरचीला प्रमाणित बियाण्यात किमान 60 टक्के उगवण लागते. चुकीच्या जातीचं बी 90 टक्केही उगवू शकतं.

आता भिवापुरी मिरचीकडे वळावं लागेल, कारण तिथे तर कंपनीही नाही. या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे नाव राखलेलं आहे. पण वर्षानुवर्षं ज्याने त्याने घरचं बी धरलं, बाजूच्या वावरात हायब्रीड आलं, आणि मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर फळत असलं तरी मधमाश्या शेजारचा पराग आणतातच. देशी वाण म्हणजे एक ठसा नसतो, तो थोड्याथोड्या फरकाच्या झाडांचा गोतावळा असतो. त्यामुळे एका शेतातलं एक झाड तपासून ‘हीच भिवापुरी’ म्हणता येणार नाही. वेगवेगळ्या गावांतून, विशेषतः ज्या घरात बी कधी बदललं नाही तिथून, बियाणं गोळा करायला हवं. त्या सगळ्यांचे मार्कर पाहून कुठल्या खुणा सगळ्यांत आहेत आणि बाहेरच्या वाणात नाहीत, हे ठरवता येईल.

हे काम एकट्या कास्तकाराचं नाही. अकोल्याचं कृषी विद्यापीठ, कृषी विभाग आणि मानांकनाचे धारक यांनी मिळून करायचं आहे. त्याआधी पीक शिल्लक राहिलं पाहिजे. मिरचीखालची जमीन सोयाबीन-कपाशीकडे गेली आहे, आणि बी दरवर्षी धरलं नाही तर ते फार वर्षं टिकत नाही. देशी वाणाची नोंद शेतकरी किंवा गाव मिळूनही 2001 च्या कायद्याखाली करू शकतं. त्याला नोंदणी फी पडत नाही.

आणखी एक. मार्करची तपासणी जात सांगते, दोष कुणाचा ते नेहमीच सांगत नाही. थ्रिप्सने किंवा चुरडा-मुरड्याने बसलेल्या शेतातले पट्टे शुद्ध निघाले, तर कंपनी तोच अहवाल समितीपुढे ठेवेल. तक्रारीत ‘फळ लागलं नाही’ लिहायचं की ‘वेगळं फळ लागलं’ लिहायचं, हे अर्ज लिहितानाच ठरवावं लागतं.