वेंगुर्ल्याचे मिशन आणि आपला पाद्री

गोव्यातल्या हिंदू घरात 'मिशनरी' हा शब्द निघाला की बाकीचे सगळे आपोआप मागून येते. इन्क्विझिशन, पाडलेली देवळे, रातोरात नदीपलीकडे नेलेले देव... यातले काही खोटे नाही. पण आम्हा पेडणेकरांच्या आठवणीत आणखी एक मिशन आहे. कुणाचे दुखणे हटेना की आमची आजी म्हणायची, "ताका वेंगुर्ल्याक मिशनात व्हरून दाखय." किरणपाणीला होडीत बसायचे, मग आरोंदा, शिरोडा आणि वेंगुर्ला. आजी कडक सोवळ्याची, पण त्या मिशनाचा धर्म कोणता, हे तिला कधी खटकले नाही.

तो धर्म होता प्रेस्बिटेरियन. ख्रिस्ती खराच, पण आपल्या इगर्जीतल्या पाद्रीपेक्षा फार वेगळा. यांच्यात पोप नाही आणि बिशपही नाही. मंडळीने निवडलेले 'वडील' आणि पाळक मिळून कारभार पाहतात. मूळ कॅल्व्हिनच्या जिनिव्हातले, रुजले स्कॉटलंडमध्ये, तिथून अमेरिकेत गेले. वेंगुर्ल्याला आले ते अमेरिकन. कोल्हापूर, सांगली, मिरज हीही त्यांचीच ठाणी. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उभे केले आणि पुढे वैद्यकीय शिक्षणही सुरू केले. वेंगुर्ल्याला डॉ. गोहीन होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1919 मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि 1977 ते 1980 या काळात अमेरिकेचा भारतातला राजदूत होता. आपल्या शेजारच्या गावची ही गोष्ट, पण आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

पण रुग्णालयांपेक्षा मला मोठी वाटते ती त्यांच्या स्कॉटिश भाऊबंदांची कामगिरी, कारण ती थेट आपल्या मराठीत घडली. प्रत्येकाने शास्त्र स्वतः वाचले पाहिजे, हा या पंथाचा आग्रह. मग शाळा आलीच, आणि मुलींची शाळाही आली. जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईला उतरले. त्यांची पत्नी मार्गारेट हिने लगेच मुलींच्या शाळा काढल्या. विल्सननी 1832 मध्ये सुरू केलेल्या शाळेतूनच पुढे विल्सन कॉलेज झाले. मोल्सवर्थचा कोश आपण सगळे उघडतो. त्याच्या 1857 च्या आवृत्तीच्या आरंभी मराठी भाषेवरचे जे टिपण आहे, ते याच विल्सनांचे.

आणि जोतीराव फुले! 1841 पासून ते शिकले ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत. तिथे माणसाच्या समतेचा विचार त्यांच्या हाती लागला. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. तो विचार घेऊन त्यांनी स्वतःची वाट काढली. मिशनने शाळा काढली ती बाप्तिस्म्यासाठी, निघाला सत्यशोधक समाज. शिकवणाऱ्याच्या हेतूवर शिकणारा कसा मात करतो, याचे याहून मोठे उदाहरण मराठीत मला तरी दिसत नाही.

आता दुसरी बाजू. ही मंडळी काही साधुसंत नव्हती. आपल्या देवधर्माविषयी त्यांच्या लिखाणात जो तुच्छतेचा सूर आहे, तो आज वाचतानाही बोचतो. त्यांच्यामागे इंग्रजांचे राज्य होते, हेही विसरता येत नाही. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. विल्सननी हिंदू धर्मावर टीका केली, तेव्हा मोरभट दांडेकरांनी जाहीर वाद घातला आणि 1831 मध्ये 'हिंदुधर्मस्थापना' हे पुस्तकच काढले. विल्सननी त्यालाही पुस्तकानेच उत्तर दिले. आपल्याकडे जुन्या काबिजादीत असा मोरभट उभा राहिला असता तर त्याचे काय झाले असते, ते सांगायला नको. तिथे 1684 मध्ये कोंकणी बोलण्यावरच बंदीचा हुकूम निघाला होता. पेडणे, डिचोली या नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या शेवटी आल्या, म्हणून आपली देवळे वाचली. पण वाद घालायला शिकवणारी शाळा काही आपल्याला मिळाली नाही. पणजीत 1842 मध्ये वैद्यकीय शाळा निघाली, तीही पोर्तुगीज येणाऱ्यांसाठी.

म्हणून 'मिशनरी सगळे सारखेच' हे वाक्य ऐकले की मला राहवत नाही. राजाज्ञेच्या जोरावर आलेला धर्म आणि छापखाना, फळा, टाके घालायची सुई घेऊन आलेला धर्म यांची मोजदाद वेगळी करायला हवी. दुसऱ्याचाही डोळा बाप्तिस्म्यावरच होता, हे मान्य करूनसुद्धा. यात गोव्यातल्या कॅथलिक बांधवांना बोल लावायचा हेतू नाही, त्यांच्या पूर्वजांनीही तेच भोगले.

आमच्याकडे मराठीच्या इतिहासावर व्याख्यान झाले की वक्ता फादर स्टीफन्सच्या 1616 च्या 'क्रिस्तपुराणा'पर्यंत येतो आणि तिथून थेट मुक्तिलढ्यावर उडी घेतो. मधले पान मुंबई-पुण्याचे म्हणून सोडून दिले जाते. खरे तर बाबा पदमनजी आपल्या शेजारच्या बेळगावचे. मुंबईत स्कॉटिश फ्री चर्चच्या शाळेत ते शिकले, 1854 मध्ये ख्रिस्ती झाले आणि 1857 मध्ये विधवांच्या दुःखावर 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. पुढे ते पुण्याला फ्री चर्चचे पाळक झाले. पेडण्यात किंवा डिचोलीत एखाद्या वाचनालयाने यंदा त्यांच्यावर एक व्याख्यान ठेवावे. खुर्च्या मांडायला मी येतो.