ओटी पाण्याची, हंडा बाईचा



धरण भरले की खणानारळाने त्याची ओटी भरतात. ओटी सवाष्णीची, म्हणजे पाणी ही भरल्या घरची बाई. नारळी पौर्णिमेचा नारळ मात्र समुद्राला, आणि तो दर्याराजा. गोडे पाणी बाई, खारे पाणी राजा! ही वाटणी कोणी केली असेल, याचे आम्हांला नेहमी कुतूहल वाटते.

आमचा शहापूर तालुका या गोड्या पाण्याचे माहेर. तानसा धरण १८९२ चे, मोडकसागर १९५७ चे, मागून भातसा. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेली मुंबई हे पाणी पिते. दर उन्हाळ्यात खर्डीच्या आसपासच्या पाड्यांवरच्या बाया मात्र चुंबळ-हंडा घेऊन टँकरची वाट बघतात, नाहीतर आटलेल्या विहिरीत उतरून वाटीवाटीने पाणी भरतात.

याच तालुक्यातले डेंगणमाळ २०१५ साली जगभरच्या बातम्यांत आले. तिथे काही पुरुषांनी केवळ पाणी भरण्यासाठी दुसरी, तिसरी बायको केलेली. तिला म्हणतात 'पाणीवाली बाई'. बहुधा ती विधवा, नाहीतर नवऱ्याने टाकलेली.

शहरातल्या मैत्रिणी विचारतात, "तुम्ही हे बंद का पाडत नाही?" राग आम्हांलाही येतो. पण नवरा गेला म्हणून जिची ओटी भरणे गावाने थांबवले, तिला हंडा उचलल्यावर कुंकू परत मिळते, डोक्यावर छप्पर मिळते. नुसती बंदी घातली तर ती जाणार कुठे? हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे पहिली बायको हयात असता केलेले दुसरे लग्न रद्दबातल. अनुसूचित जमातींना तो सहसा लागू नाही, तिथे रूढी सिद्ध करावी लागते. म्हणजे वर्षानुवर्षे पाणी वाहूनही घरावर, जमिनीवर तिचा हक्क डळमळीतच.

२०१९ पासून घरोघरी नळाची योजना आली. पाणी समितीत निम्म्या बाया हव्यात, असा तिचा नियम. नळ हवाच, त्यासाठी भांडायचेच. पण हंडा उतरल्यावर पाणीवाली त्या घराची कोण, हे समितीत अजून कोणी विचारत नाही. तेव्हा नळाच्या अर्जाबरोबर तिचे नाव रेशनकार्डावर आहे का, घराच्या उताऱ्यावर लागेल का, तेही बघा. आणि तिला काय हवे ते तिला एकटीला गाठून विचारा, घरातल्या माणसांसमोर नको.