कोणत्याच नोंदवहीत न बसणारा रुग्ण

दुर्मीळ प्रकरणांची हेळसांड सरकारी यंत्रणेत बहुधा दुष्टपणामुळे होत नाही. ते प्रकरण नेमके कोणाचे, हेच ठरत नाही म्हणून होते. कर्करोगाच्या उपचारानंतर कृत्रिम सांध्याला क्वचित होणारा एक जंतुसंसर्ग हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

मूत्राशयाच्या आतील थरापुरत्या मर्यादित कर्करोगात, शस्त्रक्रियेनंतर अनेकदा बीसीजी मूत्राशयात सोडतात. क्षयाची लस म्हणून आपण ओळखतो तेच हे जिवंत, पण क्षीण केलेले जंतू. १९७६ साली प्रथम प्रसिद्ध झालेला हा उपचार आजही प्रभावी मानला जातो. क्वचित मात्र हे जंतू रक्तावाटे पसरून कृत्रिम खुब्यात किंवा गुडघ्यात ठाण मांडतात. लक्षणे काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही दिसतात.

आता नोकरीनिमित्त देशभर फिरलेला आपल्यासारखाच एखादा मराठी माणूस डोळ्यांसमोर आणा. गुडघा पुण्यात बदललेला, मूत्राशयाचा उपचार दिल्लीत, निवृत्तीनंतर वास्तव्य भोपाळला. गुडघा सुजतो. नेहमीच्या जंतुपरीक्षेत काही उगवत नाही. या जंतूंना वाढायला कित्येक आठवडे लागतात. जलद जनुकीय चाचणी केली, तर ती सहसा क्षयाच्या गटाचे जंतू एवढेच सांगते. मग नेहमीचा क्षयोपचार सुरू होतो. त्यातील पायराझिनामाइडला बीसीजीचे जंतू मुळातच दाद देत नाहीत. मूत्राशयाची हकीकत अस्थितज्ज्ञ विचारत नाही आणि गुडघ्याशी तिचा संबंध असेल, असे रुग्णाच्याही मनात येत नाही.

नोंदीची व्यवस्था नाही, असे नव्हे. क्षयरुग्णाची नोंद २०१२ पासून बंधनकारक आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग ठेवतो; २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांचीही. परंतु आपला रुग्ण तिन्ही नोंदवह्यांचा असल्याने एकीचाही होत नाही.

माझ्या मते यासाठी नवी योजना नको, दोन ओळी पुरेत. बीसीजी देण्यापूर्वी शरीरात कृत्रिम अवयव आहे का, हे विचारून लिहावे. आणि ‘बीसीजी दिले’ हे तारखेसह रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर ठळक नोंदवावे. इतक्या विरळ व्याधीसाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. पण ही सवय प्रत्येक स्थलांतरित रुग्णाच्या उपयोगी पडेल.

या भीतीने कोणी उपचार नाकारू नये. फक्त जुने कागद जपावेत आणि नव्या डॉक्टरांसमोर न विचारताही ठेवावेत. बदलीच्या गावी आपला पूर्वेतिहास आपणच सोबत न्यावा लागतो.