फवारणीने जमीन शुद्ध होत नाही

भातातील आर्सेनिकच्या प्रश्नावर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने मोलाचे काम केले आहे. पाणी साचलेल्या खाचरात आर्सेनिकचे रूप पालटते आणि सिलिकॉन ज्या वाटेने मुळांत शिरते त्याच वाटेने ते रोपात घुसते. वनस्पतीतच तयार होणारे सॅलिसिलिक आम्ल किंवा सेलेनियम अल्प मात्रेत दिल्यास रोप तग धरते, मुळांतून वर चढणारे विषही घटते, असे तेथील प्रयोगांत आढळले. बंगालमधील चिनसुरा केंद्राच्या सहकार्याने कमी आर्सेनिक शोषणारा ‘मुक्तश्री’ हा वाणही सिद्ध झाला. हे सारे जनतेच्या पैशातून, हे विसरता कामा नये.

परंतु औषध रोपाला तारते. धातू मातीतच राहतो. शेजारच्या कानपुरात जाजमऊच्या चामडे कारखान्यांचे क्रोमियमयुक्त सांडपाणी वर्षानुवर्षे शेतांत सोडले गेले. तिथे शेतकऱ्याला फवारणीचा उपदेश करणे म्हणजे कारखानदाराची घाण त्याच्या खर्चाने झाकणे होय. शिवाय पान हिरवे दिसले म्हणून दाणा निर्विष ठरत नाही. तेव्हा माती व धान्य यांची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी मोफत व्हावी, आणि शुद्धीकरणाचा खर्च कारखानदारांकडूनच वसूल करावा.