बैलाला पोळा तरी आहे...

सध्या रात्रीची जेवणं झाली की तासभर एक गेम खेळतो. (बायको आणि ताई दोघीही इथे वाचतात, म्हणून 'तासभर'च लिहितोय.) गेमचं नाव 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल'. ह्यात बॅट फिरवायची नाही की चेंडू फेकायचा नाही. आपण नुसते संघाचे मॅनेजर, कोणाला खेळवायचं आणि कोणाला बसवायचं एवढंच काम. मांडवगणात बसून कसला बेसबॉल, असं भाऊजी विचारतात. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा तो पिचर. आपल्यासारखं दर षटकाला माणूस बदलत नाही. एकच जण फेकत राहतो, आणि एकदा बाहेर काढला की त्या सामन्यात परत नाही. सामना सुरू करणारा पिचर हल्ली साधारण नव्वद-शंभर चेंडू टाकतो आणि मग चार-पाच दिवस नुसता बसतो. मोसमात सामने १६२, म्हणून असे पाच जण आळीपाळीने. गेममध्ये प्रत्येकजण किती दमलाय ते दिसतं. दमलेल्याला ताणलंत तर आधी तो मार खातो, मग जायबंदी होतो, आणि तुमचा अख्खा मोसम बोंबलतो. दोन-चार रात्रींत कोणीही शहाणा होतो.

आता आपल्याकडे या. ऊस तुटून गेलेल्या रानात, भीमेच्या काठाने कुठेही, हिवाळ्यापासून टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. आठ षटकांचा सामना, एका गोलंदाजाला दोन षटकं. लोक म्हणतात, दोनच तर षटकं! पण ही मर्यादा खेळ एकतर्फी होऊ नये म्हणून आहे, पोराच्या पाठीसाठी नाही. शेवटच्या दिवशी एकेका संघाचे चार सामने होतात. चार दुणे आठ षटकं, म्हणजे ४८ चेंडू. वाइड, नो-बॉल आणि सीमारेषेवरून केलेले थ्रो वेगळे. सामन्यांच्या मधे काय, तर मांडवात बसून वडापाव.

अमेरिकेत शाळकरी पोरांसाठी २०१४ साली 'पिच स्मार्ट' नावाचे नियम आले. त्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने दिवसात ४६ ते ६० चेंडू टाकले तर पुढचे दोन दिवस सुट्टी, आणि ७६ च्या वर गेला तर चार दिवस. पिचरचं कोपर जातं, आपल्या फास्ट बोलरची कंबर. दोन्हींचा हिशोब तंतोतंत एक नाही, मान्य. पण आपल्याकडे हिशोबच नाही! शनिवारी एका गावात आठ षटकं टाकलेला पोरगा रविवारी पाहुण्यांच्या गावाकडून टाकायला हजर.

"टेनिस बॉल हलका असतो, त्याने काय होतंय" हे तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. अहो, पळत येऊन पुढचा पाय आपटतो तेव्हा अंगावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो. पायाला चेंडूचं वजन कळत नाही. कोवळ्या वयातल्या फास्ट बोलरांच्या कमरेच्या मणक्याला बारीक चीर जाणं हे जगभरच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. आपल्याकडे त्याला 'कंबर धरली' म्हणतात आणि झंडू बाम लावतात.

दुसरा युक्तिवाद, "दमला तर सांगेल की!" नाही सांगत. २०१२ साली न्यूयॉर्क मेट्सचा योहान सांताना खांद्याच्या ऑपरेशनमधून उठून परत आला होता. मॅनेजरने मनात ११५ चेंडूंची हद्द आखली होती. पण १ जूनला समोरच्या संघाला एकही हिट मिळेना, आणि क्लबच्या इतिहासात असा सामना कधी झाला नव्हता. सांताना थांबला नाही, मॅनेजरने थांबवला नाही. १३४ चेंडू! इतिहास झाला. ऑगस्टनंतर तो त्या स्तरावर परत कधी खेळला नाही. एवढ्या मोठ्या माणसाला थांबता आलं नाही, तर सतरा वर्षांचं पोर कप्तानाला काय सांगणार? गावाची इज्जत, बक्षिसाची रक्कम, आणि माईकवरून पुकारलं जाणारं स्वतःचं नाव.

मजा म्हणजे हेच लोक बुमराहवर दात काढतात. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने १५१ षटकं टाकली, ३२ बळी घेतले आणि सिडनीच्या शेवटच्या डावात पाठीमुळे टाकूच शकला नाही. पाठोपाठ चॅम्पियन्स ट्रॉफीही हुकली. म्हणून २०२५ मध्ये इंग्लंडला ठरवून पाचांतले तीन सामने खेळला, तर पारावर "लाड चाललेत" सुरू. लाड कसले? औताला जुंपलेला बैल बसायला लागला की तुम्ही स्वतः जू उतरवता. बैलाला वर्षातून एक पोळा तरी आहे. ह्या पोरांना?

खरं दुखणं वेगळंच आहे. गेममध्ये तोच पिचर पाच दिवसांनी मलाच लागणार असतो, म्हणून मी जपतो. इथे चषक मंडळाचा, फोटो कप्तानाचा, कंबर पोराची. पुढच्या वर्षी दुसरा पोरगा मिळतो.

आयोजकांना फुकटात जमेल असं एक सांगतो. स्कोअररच्या वहीत एक जास्तीचं पान ठेवा, गोलंदाजाचं नाव आणि दिवसभराचे चेंडू. अठराच्या आतल्याला दिवसात पाच षटकं, मग सामने कितीही असोत. काल दुसऱ्या गावात टाकली असतील तर तीही मोजा, फोन सगळ्यांकडे आहेत.

एका आयोजक मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग फायनलचं शेवटचं षटक कोण टाकणार?" म्हटलं, तू टाक की.