डॉक्टरकीस कोणते मन हवे?



गेल्या रविवारी मिस्सानंतर एका गृहस्थांनी आम्हांस गाठले. मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळत होती. परंतु घरात कोंबडी कापली तरी ती परसात पळते, असे मन घेऊन ती डॉक्टर कशी व्हावी? भाऊ मात्र धीट! त्या वेळी आम्हांस नीटसे उत्तर सुचले नाही.

मुली अधिक हळव्या, हा समज अगदीच निराधार नव्हे. ज्या फिलाडेल्फिया शहरी आमच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या, तेथील जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयाने मुलींना दार उघडले ते १९६१ साली. पुढे तेथल्याच संशोधकांनी रुग्णाचे दुःख जाणण्याची वृत्ती मोजणारी प्रश्नावली सिद्ध केली. तीत मुलींचे गुण सरासरीने थोडे अधिक भरले. थोडेच, बरे का. पुष्कळ मुलगे पुष्कळ मुलींच्या पुढे होते. परंतु २००९ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले ते वाचून आम्ही चपापलो. पहिली दोन वर्षे टिकलेली ही वृत्ती तिसऱ्या वर्षी खालावते, आणि मुलांची तशी मुलींचीही. तिसरे वर्ष म्हणजे पुस्तके सोडून रुग्णाच्या खाटेशी उभे राहण्याचे वर्ष! तेव्हा पित्याने भ्यावयाचेच असेल तर मुलीचा हळवेपणा तेथे उरेल किंवा नाही, याला भ्यावे.

मग अभ्यासात तारते काय? बेल्जियममध्ये १९९७ साली दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा मागोवा शेवटपर्यंत घेण्यात आला. हाती घेतलेले काम नेटाने व वेळेवर पुरे करण्याचा स्वभाव सर्वांत उपयोगी ठरला. माणसांत मिसळण्याची हौस आरंभी फारशी कामी आली नाही. रुग्णांशी गाठ पडू लागली तेव्हा आली. नेटाचा हा गुण काही मुलग्यांचा मक्ता नव्हे.

त्या घरी आम्ही पावसाळ्यात गेलो होतो. आजीच्या पायास चिघळलेली जखम होती. ती रोज धुऊन पट्टी बांधणारी हीच मुलगी. धीट बंधुराज तेवढ्या वेळापुरते ओटीवर जाऊन बसत. कोंबडीची गोष्ट निराळी.

फी भरण्यास अद्याप तीन आठवडे आहेत. बुधवारी सायंकाळी आम्ही त्यांच्याकडे जात आहो. मुलीनेही बैठकीत बसावे, स्वयंपाकघरात नव्हे.